सिंद्रीचे सल्फेट, ट्रॉम्बेचा युरिया

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती माणसे मेली, याविषयी आजही एकमत नाही; आकडा वीस ते तीस लाखांच्या दरम्यान फिरत राहतो. त्याच वर्षी दिल्लीत बसलेल्या अन्नधान्य धोरण समितीने रेशनिंग, साठे, आयात यांच्याबरोबरच आणखी एक शिफारस केली : देशात रासायनिक खताचा मोठा कारखाना उभारावा. पुढच्या वर्षी ब्रिटनहून तज्ज्ञांचे एक पथक आले आणि त्याने आकडा ठरवला. वर्षाला साडेतीन लाख टन अमोनियम सल्फेट. या आकड्यातून धनबादजवळ, दामोदर नदीच्या काठी सिंद्री उभी राहिली.

आकड्यापेक्षा त्याच्या पुढचा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. अमोनियम सल्फेटच का? जर्मनीत १९२२ पासून युरिया कारखान्यात तयार होत होता. चिलीचा सोरा शंभर वर्षे जहाजांतून जगभर जात होता. युरोपात चुनखडी मिसळलेले नायट्रेट शेतकरी सर्रास वापरत होते. भारतात गंधक नाही, आणि सल्फेट बनवायला गंधक लागते. तरीही स्वतंत्र भारताचे पहिले मोठे खत सल्फेट ठरले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते मागे पडून युरियाने सारे शिवार व्यापले. कोणते खत शेतात पडावे हे पिकाने किंवा जमिनीने क्वचितच ठरवले. ते ठरवले बारूदखान्यांनी, कोळशाच्या भट्ट्यांनी, आगगाडीच्या भाड्याने आणि शेवटी सरकारी दरपत्रकाने. पिकाला आणि मातीला त्या निर्णयाशी जुळवून घ्यावे लागले.

पुढची हकीगत समजायला एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हवेत ७८ टक्के नत्र असले तरी पिकाला ते थेट घेता येत नाही. पीक नत्र घेते ते मुख्यतः दोन रूपांत : नायट्रेट आणि अमोनियम. मातीतल्या चिकणकणांवर ऋण भार असतो. अमोनियमवर धन भार असल्याने माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने माती त्याला थारा देत नाही. ते पाण्याबरोबर सरकते, मुळांपर्यंत लगेच पोचते आणि पाऊस मोठा झाला तर मुळांच्या खालीही निघून जाते. जमिनीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करत असतातच, पण त्याला काही दिवस, काही आठवडे लागतात. बाजारातल्या प्रत्येक नत्रखताचा स्वभाव या दोन रूपांच्या प्रमाणावर आणि त्यांच्या जोडीला काय बांधलेले आहे यावर ठरतो.

जगाला नत्राचे पहिले मोठे व्यापारी साठे मिळाले ते म्हणूनच कोरड्या जागी. बिहारच्या गावांत उन्हाळ्यात जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या कडेला पांढरा थर फुटत असे. जनावरांच्या व माणसांच्या मूत्रातले नत्र जिवाणूंनी नायट्रेट केलेले, आणि पावसाळा येईपर्यंतच जमिनीवर टिकणारे. नोनिया समाजाची माणसे तो थर खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकापासून हा सोरा जहाजे भरभरून नेला. त्यात सुमारे १३ टक्के नत्र आणि वर भरपूर पालाश, म्हणजे उत्तम खत. पण तो गेला युरोपच्या तोफांच्या दारूत. आपल्या गावांचे नत्र परदेशी बारूदखान्यात गेले आणि उरलेले शेणाच्या गोवऱ्यांतून चुलीत जळाले. १८८९ मध्ये इंग्रज सरकारने पाठवलेले रसायनतज्ज्ञ जॉन व्होल्कर यांनी भारतभर फिरून १८९३ च्या अहवालात हे गोवऱ्यांचे नुकसान नेमके दाखवले होते. इथला शेतकरी अडाणी नाही, सरपण नाही म्हणून तो शेण जाळतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या अहवालाकडे नीट लक्ष दिले असते तर पुढचा इतिहास थोडा वेगळा झाला असता, असे मला वाटते.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही पाऊस जवळजवळ पडत नाही. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांची विष्ठा शतकानुशतके साचत गेली आणि धुपली नाही. हा ग्वानो १८४० नंतर युरोपच्या शेतांत पोचू लागला. तो खणायला चिनी मजूर फसवून आणले जात. त्यातले बरेच तिथेच मेले. पंचवीस-तीस वर्षांत उत्तम साठे संपले. मग नजर गेली आटाकामाच्या वाळवंटाकडे. तिथल्या कालिचे नावाच्या कठीण थरात सोडियम नायट्रेट होते, नत्र १६ टक्के. जमीन बोलिव्हियाची आणि पेरूची, भांडवल व मजूर मोठ्या प्रमाणावर चिलीचे आणि ब्रिटनचे. १८७८ मध्ये बोलिव्हियाने निर्यातीवर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो कर बसवला. कंपनीने तो नाकारला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीचे सैनिक अंतोफागास्ता बंदरात उतरले. युद्ध संपले तेव्हा बोलिव्हियाचा सगळा समुद्रकिनारा गेला होता आणि पेरूचा तारापाका प्रांतही. बोलिव्हिया आजही भूवेष्टित आहे. खतासाठी, आणि स्फोटकांसाठीही, लढल्या गेलेल्या या युद्धाची आठवण आपल्या शालेय इतिहासात नाही. ती असायला हवी.

चिलीचा सोरा टाकला की पीक चार दिवसांत हिरवे दिसते, कारण नत्र तयार नायट्रेटच्या रूपात असते. युरोपच्या थंड, हलक्या पावसाच्या वसंत ऋतूत त्याचा उत्तम उपयोग झाला. आपल्या मृगाच्या सरींत मात्र तेच नत्र हलक्या जमिनीतून निघून जाते, आणि भाताच्या खाचरात तर दुसराच धोका : पाणी तुंबलेल्या, हवा नसलेल्या चिखलात जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. शिवाय त्यातले सोडियम भारी काळ्या जमिनीला घातक. तिची घडण बिघडून ती चोपण होत जाते. ज्या वाळवंटात हे खत सापडले त्याची कोरडी हवा जणू त्याच्या स्वभावातच उतरली होती.

त्याच काळात युरोपच्या शहरांत दुसरे एक नत्रखत न मागता तयार होऊ लागले. दिव्यांच्या गॅससाठी आणि पोलादाच्या कोकसाठी कोळसा भाजला की अमोनिया निघे. तो गंधकाम्लात शोषून घेतला की अमोनियम सल्फेटचे पांढरे स्फटिक मिळत : नत्र साडेवीस टक्क्यांच्या आसपास, गंधक २३-२४ टक्के. कारखानदारांना एक निरुपयोगी वायू खपवायचा होता, म्हणून हे खत जन्मले. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये गवताच्या एका कुरणात वर्षानुवर्षे चालणारा प्रयोग सुरू केला. काही पट्ट्यांना सोडियम नायट्रेट, काहींना अमोनियम सल्फेट. जिथे दरवर्षी सल्फेट पडले, तिथली माती हळूहळू इतकी आम्ल झाली की गवताच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते चुना खाऊन टाकते. ज्या जमिनीत चुना आधीच कमी, तिथे हे खत वर्षानुवर्षे एकटे टाकत राहणे धोक्याचे. ज्या जमिनीत चुना भरपूर, तिथे हाच दोष जवळजवळ गुण ठरतो. कोकणातली जांभी जमीन पहिल्या प्रकारची आणि देशावरची चुनखडीयुक्त काळी जमीन दुसऱ्या प्रकारची.

१८९८ मध्ये ब्रिस्टल येथे विल्यम क्रुक्स यांनी ब्रिटिश वैज्ञानिकांपुढे इशारा दिला की चिलीचे साठे संपतील, गव्हाचे खाणारे वाढतच राहतील, आणि हवेतले नत्र पकडण्याचा मार्ग रसायनशास्त्राने शोधला नाही तर उपासमार अटळ आहे. नॉर्वेत १९०५ पासून विजेच्या प्रचंड ठिणग्यांतून हवा नेऊन कॅल्शियम नायट्रेट बनू लागले, पण इतकी वीज नॉर्वेच्या धबधब्यांखेरीज कुणाला परवडणार? खरा मार्ग कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत निघाला. २ जुलै १९०९ रोजी फ्रिट्झ हाबर यांनी उच्च दाबाखाली, तापलेल्या ऑस्मियमवरून नत्र आणि हायड्रोजन नेऊन द्रव अमोनिया थेंबाथेंबाने गळताना दाखवला. पाहायला बाडिश अनिलिन कंपनीचे आल्विन मिटाश हजर होते. ऑस्मियम दुर्मिळ, मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासून स्वस्त लोखंडी उत्प्रेरक शोधला आणि कार्ल बॉश यांनी तो दाब सोसणारी यंत्रे उभी केली. सप्टेंबर १९१३ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले उत्पादन होते अमोनियम सल्फेट.

वर्षभरात महायुद्ध पेटले. डिसेंबर १९१४ मध्ये फॉकलंडजवळ जर्मन आरमारी तुकडी बुडाली आणि चिलीचा सोरा जर्मनीला मिळणे बंद झाले. ओप्पाऊचा अमोनिया मग नायट्रिक आम्लाकडे आणि तोफगोळ्यांकडे वळवला गेला. हाबर स्वतः विषारी वायूच्या कामाला लागले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन सोडला गेला तो त्यांच्याच देखरेखीखाली. अब्जावधी माणसांच्या घासामागे आणि खंदकांत गुदमरलेल्या सैनिकांमागे एकच माणूस उभा आहे, आणि त्यातले एक सांगून दुसरे लपवणे योग्य नाही.

नाकेबंदीतल्या जर्मनीला गंधकही मिळेना. तेव्हा तिथल्या रसायनज्ञांनी सल्फेटसाठी गंधकाम्लाऐवजी जिप्सम वापरायला घेतले. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून अमोनियम कार्बोनेट करायचे, त्यात जिप्समची पूड घालायची. अमोनियम सल्फेट पाण्यात राहते आणि खडू तळाला बसतो. ल्यूना-मेर्सेबुर्गच्या या पद्धतीला तीसेक वर्षांनी सिंद्रीने आपले मानले. आमच्याकडेही गंधक नव्हते.

युद्ध संपल्यावर ओप्पाऊत एक नवे खत बनू लागले : अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचा मिश्र क्षार. नत्र २६ टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून कमी नायट्रेट लगेच लागू पडणारे, उरलेले अमोनियम मागून. शेतासाठी गुण उत्तम. दोष एकच. अमोनियम नायट्रेट हवेतला ओलावा शोषते आणि ढीग दगडासारखा घट्ट होतो. कुदळीने तो फुटेना, म्हणून मजूर त्यात लहान सुरुंग लावत. हजारो वेळा असे केले होते, काही झाले नव्हते. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी साडेसातच्या सुमाराला साडेचार हजार टनांच्या कोठारात सुरुंग लावला आणि काही क्षणांत दोन स्फोट झाले. ढिगाचा सुमारे दहावा हिस्साच उडाला, असे नंतर अनुमान निघाले, पण तेवढ्याने कोठाराच्या जागी सुमारे १९ मीटर खोल खड्डा पडला. साडेपाचशेहून अधिक माणसे मेली, गावातली बहुतेक घरे कोसळली. ढिगात काही ठिकाणी नायट्रेटचे प्रमाण वाढले असावे, हे कारण सर्वांत संभाव्य मानले जाते. १९४७ मध्ये टेक्सास सिटी आणि २०२० मध्ये बैरूत याच क्षाराने हादरले. ओप्पाऊनंतर अमोनियम नायट्रेटमध्ये चुनखडीची भुकटी मिसळून, दाणे करून ते खत म्हणून विकण्याची रीत युरोपात रूढ झाली. तेच आपण कॅन म्हणतो, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट. चुनखडीमुळे स्फोटाची भीती बरीच कमी होते आणि मातीचे आम्लही वाढत नाही.

महाराष्ट्रात हे सारे पोचले ते अमोनियम सल्फेटच्या रूपात, परदेशी पोत्यांतून, आणि पोचले ते उसापाशी. नीरा, मुठा, गोदावरी, प्रवरा यांच्या कालव्यांवर उसाचे बागाईतदार होते. त्यांच्याकडे पाणी होते आणि गुळाचे रोख पैसेही. शेणखत हे भरखत आणि शेंगदाण्याची, करडईची, एरंडीची पेंड हे वरखत, अशी त्यांची व्यवस्था. पुण्याजवळच्या मांजरी फार्मवर आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात पेंड आणि सल्फेट यांचा मेळ घालण्याचे प्रयोग झाले. पेंड सावकाश कुजते, सल्फेट लवकर लागू पडते. बारा-अठरा महिने उभ्या राहणाऱ्या उसाला दोन्हींची गरज. ती जोडी शहाणपणाची होती. खताचा निर्णय पीक पाहून घेतला गेल्याचे या इतिहासातले ते एक दुर्मिळ उदाहरण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र सल्फेटचे पोते म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरची चीज होती.

देशातले सल्फेट आधी कोकभट्ट्यांतून थोडे थोडे येत होते. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात बेळगोळ येथे एक छोटा कारखाना निघाला, आणि १९४७ मध्ये केरळात आलुव्याजवळ दुसरा. आलुव्याच्या कारखान्याला कोळसा मिळेना, म्हणून तिथे लाकूड जाळून वायू तयार केला जाई. जंगलातल्या लाकडापासून खत! सिंद्रीचे माप वेगळेच होते. झरियाचा कोळसा हाकेच्या अंतरावर, दामोदरचे पाणी शेजारी. पण जिप्सम राजस्थानात. एक टन सल्फेटला सव्वा टनाहून जास्त जिप्सम लागते. म्हणजे रोज हजार टनांहून अधिक दगड देशाच्या पश्चिम टोकाच्या वाळवंटातून पूर्वेला नेणाऱ्या मालगाड्या अखंड चालू राहायला हव्यात, आणि तयार खत पुन्हा देशभर वाहून न्यायला दुसऱ्या मालगाड्या. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी उत्पादन सुरू झाले. २ मार्च १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. तळाला बसणारा खडू शेजारच्या सिमेंट कारखान्याला जाऊ लागला. फाळणी, निर्वासित, धान्याची आयात, परकीय चलनाची चणचण, या सगळ्यांतून वाट काढून एवढे मोठे काम पाच-सहा वर्षांत उभे करणाऱ्या अभियंत्यांविषयी आणि मजुरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सल्फेट हे त्या काळाला साजेसे खत होते. पावसाळ्यातही ते फारसे पाझरत नाही, गोदामात टिकते, स्फोटाची भीती नाही, इतर खतांत मिसळता येते. त्यातले सगळे नत्र अमोनियम असल्याने भाताच्या खाचरात ते माती धरून ठेवते. १९५० च्या दशकात जपानी पद्धतीच्या भातशेतीचा जो प्रसार झाला, त्यात सल्फेटच्या हप्त्यांना मोठे स्थान होते. आणि प्रत्येक पोत्याबरोबर गंधक फुकट येत होते. ते कुणी मागितले नव्हते, त्याची किंमत कुणी मोजली नव्हती. ते किती मोलाचे होते हे ते नाहीसे झाल्यावर कळले.

दोन अडचणी होत्या. एक पिकाची. आपले जुने गहू आणि भात उंच, सडपातळ ताटांचे. थोडे जास्त नत्र मिळाले की ते भराभर वाढत आणि ओंबी भरण्याच्या वेळी लोळत. हेक्टरी वीस-तीस किलोंपलीकडे नत्र देऊन फायदा नव्हता. दुसरी अडचण रेल्वेची. शंभर किलो नत्र पोचवायचे तर सल्फेट लागते सुमारे ४८५ किलो. युरिया लागतो २१७ किलो. वाघिणी अपुऱ्या, गोण्या महाग, गोदामे कमी. ज्या देशाला पाच लाख गावांत खत न्यायचे होते, त्याने या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

काही काळ इतर मार्गही चाचपून पाहिले गेले. नांगलमध्ये १९६१ पासून भाक्राच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन आणि त्यातून कॅन तयार होऊ लागले; जड पाणीही तिथेच मिळाले. कोळसा नको, नाफ्था नको, फक्त पाणी, हवा आणि वीज. आज हरित अमोनियाची जी चर्चा चालते, ते काम साठ वर्षांपूर्वी नांगलला मोठ्या प्रमाणावर होत होते. रूरकेलाला पोलाद कारखान्याच्या वायूंतून असेच खत निघाले. सिंद्रीतही १९५९ च्या सुमारास विस्तार होऊन थोडा युरिया आणि ओप्पाऊतलाच तो मिश्र क्षार, आता मिश्रणाची काळजी घेऊन, तयार होऊ लागला. कॅनचा गुण असा की अर्धे नत्र आज आणि अर्धे उद्या; गहू, ऊस, भाजीपाला, फळबागा यांना ते उत्तम. दोष असा की गोणी उघडी राहिली तर आपल्या पावसाळ्यात त्याला पाणी सुटते.

ट्रॉम्बेला १९६५ मध्ये भारतीय खत महामंडळाचा कारखाना सुरू झाला. शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नाफ्था मिळत होता, त्यापासून अमोनिया, आणि त्यातून युरिया व सुफला हे संयुक्त खत. १९७८ मध्ये महामंडळाची विभागणी होऊन राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी झाली, आणि मुंबई हायचा वायू आल्यावर अलिबागजवळ थळ येथे १९८० च्या दशकात दुसरा, कितीतरी मोठा युरिया कारखाना उभा राहिला. युरियाचे मोठे सोयीचे गणित असे की अमोनिया बनवताना जो कार्बन डायऑक्साइड टाकून द्यावा लागतो, तोच अमोनियाशी जोडला की युरिया होतो. ना गंधक, ना जिप्सम, ना नायट्रिक आम्ल. ४६ टक्के नत्र. घन खतांत याहून जास्त नत्र असलेले दुसरे खत बाजारात नाही.

बियाणेही त्याच सुमारास बदलले. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बी आले. बुटके, जाड दांड्याचे गहू शंभर-सव्वाशे किलो नत्र घेऊनही उभे राहत. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्रात संकरित ज्वारीची मोहीम गावोगाव गेली आणि तिच्याबरोबर युरियाची पोतीही. धान्य वाढले, जहाजांची वाट पाहणे संपले. हे यश खरे आहे आणि ते कमी लेखू नये. ज्यांनी १९६५-६६ चा मिलो, म्हणजे आयात केलेली लाल ज्वारी, खाल्ला त्यांना ते सांगावे लागत नाही.

पण युरियाचा स्वभाव सल्फेटसारखा नाही. युरिया जमिनीत पडतो तेव्हा त्यातले नत्र अमोनियमही नसते आणि नायट्रेटही नसते. मातीतल्या युरिएज नावाच्या विकराने त्याचे आधी अमोनियम कार्बोनेट होते. ओल आणि ऊब असली की दोन-चार दिवसांत हे घडते. दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती विम्ल होते आणि अमोनिया वायू उडू लागतो. माती मुळातच विम्ल असेल, वर ऊन असेल आणि युरिया वरवर फेकलेला असेल, तर त्यातला चांगला तिसरा हिस्सा हवेत जाऊ शकतो. देशावरची काळी जमीन आठच्या वर सामूची. म्हणजे युरिया नीट वापरायला सर्वांत अवघड जमिनींपैकी एक. विरघळण्यापूर्वी तो मातीत गाडला, किंवा टाकल्यावर लगेच पाणी दिले, तरच तो टिकतो. चुनखडीच्या जमिनीत सल्फेटसुद्धा उघडे टाकू नये. तिथे सल्फेट आणि चुना मिळून जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट होते. सिंद्रीत जी क्रिया चाले, तीच शेतात उलट्या दिशेने चालते. बियाशेजारी युरिया पडला तर अमोनियाने अंकुर जळतो. युरिया विरघळलेले पाणी जनावराने प्यायले तर विषबाधा होते. उलट, पानावर दोन टक्क्यांची फवारणी करायला युरियाइतके सौम्य दुसरे नत्रखत नाही, मात्र त्यातले बाययुरेट हे पानांना घातक उपद्रव्य कमी असले पाहिजे.

या स्वभावावर उपाय आपल्याच मातीत निघाले. निंबोळीतली द्रव्ये अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ रोखतात, म्हणून निंबोळी पेंडीत युरिया घोळून टाकण्याची शिफारस आपल्याकडे जुनीच आहे; २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला नीमचे आवरण सक्तीचे झाले. कोकणात आणि मावळात डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भात लागवडीत युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) यांच्या दाबून केलेल्या ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खुपसायला सांगितले. नत्र खोल चिखलात अमोनियम म्हणून राहते, उडत नाही, धुपत नाही. खत कमी लागते, भात जास्त येतो. हे तंत्र मजुरीच्या प्रश्नामुळे जितके पसरायला हवे होते तितके पसरले नाही, याची खंत वाटते.

कोणते खत जिंकणार हे शेवटी कागदावर ठरले. १९७३ च्या तेलसंकटाने खते महागली. एस. एस. मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये प्रत्येक कारखान्याला त्याच्या खर्चाप्रमाणे दर आणि शेतकऱ्याला सारखा दर, अशी अनुदानाची पद्धत आली. तिने कारखाने वाढवले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांवरचे नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. एका हंगामात डीएपी आणि पोटॅश महाग झाले आणि युरिया स्वस्तच राहिला. देशात वापरल्या जाणाऱ्या नत्र, स्फुरद, पालाशचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते पुढच्याच वर्षी ९.५ : ३.२ : १ झाले. २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान आले तेव्हाही युरिया त्याबाहेर ठेवला गेला. आज ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत. या दराशी सल्फेटने, कॅनने, पेंडीने किंवा शेणखताने कशी स्पर्धा करावी? शेतकरी युरिया जास्त टाकतो म्हणून त्याला दोष देणारे लोक हे दरपत्रक विसरतात. मिळेल त्या भावाला शहाणपणाने वागणारा माणूस आहे तो.

सिंद्रीचा जुना कारखाना २००२ च्या अखेरीस बंद पडला. त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या कारखान्याचे मार्च २०२४ मध्ये लोकार्पण झाले. त्याची क्षमता वर्षाला १२ लाख ७० हजार टन. सगळा युरिया.

सल्फेट आणि साधे सुपर फॉस्फेट मागे पडून युरिया आणि डीएपी पुढे आले तसे शेतात फुकट येणारे गंधक थांबले. सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, कांदा, लसूण ही महाराष्ट्राची पैसा देणारी पिके, आणि यांनाच गंधकाची भूक सर्वांत जास्त. गंधक कमी असले की नवी पाने पिवळी पडतात. नत्र कमी असले की जुनी. हा फरक ओळखता न आल्याने पिवळेपणा दिसला की पुन्हा युरियाच पडतो, आणि पीक पिवळेच राहते.

म्हणून शेतकरी बंधूंना एवढीच विनंती की कृषी सेवा केंद्रात शिरण्याआधी मातीपरीक्षणाचा कागद हातात असू द्या, आणि त्यावर सामू, चुनखडी व गंधक हे तीन आकडे आधी वाचा. कांद्याला किंवा सोयाबीनला नत्राचा एक हप्ता तरी अमोनियम सल्फेटमधून द्या. युरिया टाकायचा तर तो मातीआड करा. आणि जे धोरण आखतात त्यांनी नत्राच्या सगळ्या खतांना त्यांच्या अन्नद्रव्यांप्रमाणे एकाच मापाने अनुदान द्यावे. तोवर शेतात काय पडावे हे दरपत्रकच ठरवत राहील.